पैकीच्या पैकी

१

सदरमधल्या त्या शाळेचं नाव मी सांगणार नाही. सांगून कोणाचं भलं होणार आहे? बारावी सायन्सला पोरगी घालायची म्हटलं की नागपुरातले आईबाप ज्या दोन-तीन दारांत हात जोडून उभे राहायचे, त्यातलं ते एक दार, एवढं पुरे.

एक्क्याऐंशी सालचा फेब्रुवारी महिना. रविवारची दुपार कलली होती. फौजदार रुपराव निंभोरकर जीवशास्त्राच्या लॅबमध्ये शिरले तेव्हा आधी नाकात क्लोरोफॉर्मचा गोडसर वास गेला, मग पोरगी दिसली.

मोरीच्या दगडी ओट्याखाली ती उताणी पडली होती. साधी निळी साडी, दोन वेण्या. डोक्याखाली रक्त होतं, पण फार नव्हतं. ओट्याच्या कोपऱ्यालाही थोडं लागलेलं होतं. वर क्लोरोफॉर्मची बाटली, बूच काढून ठेवलेलं, आणि शाळेचा नंबर घातलेल्या कात्र्या, चिमटे. शेजारी मेण ओतलेला ट्रे आणि त्यात टाचण्यांनी चारी पाय ताणून बसवलेला बेडूक. पोट उघडलेलं, आतले अवयव कसे नीट सुटे केलेले.

रुपराव ट्रेवर वाकले आणि झटकन मागे सरले. बेडकाचं काळीज चालू होतं. हळूहळू, थांबून थांबून, पण चालू.

"अबे, हा तं जिवंत हाय!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. नोकरीत त्यांनी बरीच मढी पाहिली होती, पण पोरगी थंड पडलेली आणि बेडकाचं काळीज धडधडतंय हे काही त्यांना सोसेना.

"जिवंत नाही, मेलेलाच आहे," मागून कोणी तरी म्हणालं. जीवशास्त्राचे मनोहर सर. मागच्याच गल्लीत राहायचे, शाळेच्या शिपायाने बोलावल्यावर धावत आले होते. चेहरा पांढराफटक, पण बोलणं वर्गातल्यासारखं स्पष्ट. "जिवंत बेडकाला बेताचं क्लोरोफॉर्म देऊन उघडला की हृदय पुढे कितीतरी वेळ चालतं. मुलांना आम्ही शिकवतोच ते."

"कापणारी हीच?"

"गोपिका. गोपिका ढोक. काटोलकडची, होस्टेलला राहायची. पुढच्या आठवड्यात बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, सराव करत असणार." सरांनी ट्रेकडे पाहिलं. "माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी होती, साहेब. ही कापणी बघा. हिला मी दर वेळी पैकीच्या पैकी देत आलो."

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर महादेवराव काळमेघ तोवर येऊन पोचले होते. सदरमधलं सगळ्यात मोठं नर्सिंग होम त्यांचं. त्यांनी पोरीची नाडी पाहिल्यासारखी केली, उठले, आणि भिंतीतल्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाट सताड उघडं होतं आणि कुलूप कडीला लटकत होतं.

"लिहून घ्या, फौजदारसाहेब. सुटीच्या दिवशी, कोणाची परवानगी न घेता, कपाट उघडून क्लोरोफॉर्म काढलंय. वासाने चक्कर आली, पडली. आमची शाळा यात कुठेच येत नाही. चोरी झालीय, आणि चोरीतनं अपघात."

दाराशी उभ्या असलेल्या कवडू शिपायाने तोंडावर पंचा दाबला. "चोरी नाही जी," असं तो पुटपुटला, पण सरांनी वळून पाहताच गप्प झाला.

२

सोमवारी सकाळी सूचनाफलकावर नोटीस लागली: एका विद्यार्थिनीने चोरून लॅबमध्ये प्रवेश केल्याने दुर्दैवी अपघात घडला असून यापुढे चावीबाबत कडक शिस्त पाळली जाईल. पोरीचं नावसुद्धा घातलं नव्हतं. मेली ती कोण, हे मेल्यावरही सांगायची लाज!

रुपराव प्राचार्यांच्या खोलीत बसले होते. समोरच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, ‘हार्दिक अभिनंदन! राज्य बाल-विज्ञान स्पर्धा, प्रथम क्रमांक. विषय: संत्र्यावरील कोळशी रोगाचे नैसर्गिक शत्रू. कु. शामला महादेवराव काळमेघ.’

"शनिवारी तार आली," प्राचार्य घसा साफ करत म्हणाले. "पुसायचं राहून गेलं."

"मोठं बक्षीस दिसून राहिलं."

"बक्षिसाचं काय घेऊन बसलात! या प्रमाणपत्राला मेडिकलच्या यादीत वरचे गुण मिळतात. खेळ म्हणा, एन.सी.सी. म्हणा, तसंच हे. अर्ध्या गुणावर पोरं राहतात, तुम्हांला काय सांगायचं."

रुपरावांना खरंच सांगायला नको होतं. त्यांचा थोरला गेल्या साली अर्ध्या गुणानेच हुकला होता आणि घरात महिनाभर सुतक होतं.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. काळसर नऊवारी, उन्हाने रापलेला चेहरा, पायात टायरच्या चपला. नवरा गेल्यापासून काटोलजवळची संत्र्याची बाग तिने एकटीने राखली होती. जिजाबाई ढोक, गोपिकेची आई. ती रडत नव्हती. हात जोडून "दंडवत परनाम" म्हणाली आणि उभीच राहिली.

"बसा, मायबाई," रुपराव खुर्ची सरकवून म्हणाले.

"बसाले नाही आली, साहेब. पोरगी गेली, थे देवाजवळ गेली. पण भाईर त्या पाटीवर ‘चोरून’ लिवलं हाय. गावच्या मास्तरनं मले वाचून दाखोलं." तिने दाराबाहेर बोट केलं. "माही गोपी चोर नव्हती. थे लिवलेलं पुसा. मले दुसरं काही नाही पाहिजे. ना पैसा, ना अडका. पुसा थे."

प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले. नोटीस अध्यक्षांनी लावायला सांगितली होती, ती काढणार कोण?

रुपराव म्हणाले, "मी पुसवतो."

म्हणाले खरे, पण कशाच्या जोरावर, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुपारी मेयो दवाखान्यातल्या सरकारी डॉक्टरने हात धुता धुता सांगितलं, "डोक्याच्या मागच्या मारानं गेली. दीड-दोनच्या सुमाराला. चक्कर येऊन ओट्याच्या कोपऱ्यावर पडली तरी असंच दिसेल."

"आणि कोणी ढकललं असलं तर?"

"तरी असंच दिसेल," डॉक्टर म्हणाला.

३

सगळ्यात आधी रुपरावांनी लॅबमध्ये कवडूला धरला. लॅबच्या दाराची चावी त्याच्या खोलीतल्या खिळ्याला असायची. रविवारी बेडकांच्या पिंपाचं पाणी बदलायला तो चार वाजता आला आणि त्यालाच पोरगी दिसली.

"चावी तू दिली तिले?"

"आईची आन, साहेब, नाही. दार उघडंच होतं. कपाटाची चावी तं माह्याजवळ राहतच नाही, सरांपाशी राह्यते."

बोलता बोलता तो पायाने काही तरी बाकाखाली सारत होता. रुपरावांनी वाकून ओढलं. ताटली झाकलेलं काचेचं भांडं निघालं, आणि आत एक मेलेला बेडूक. ताठ, फिकट, न कापलेला.

"हे काय रे?"

कवडूने ताटली परत झाकली. "काही नाही जी. पिंपात मरते एखादा. फेकून राहिलो होतो." आणि मग एकदम हात जोडले. "सरांले नका सांगू."

मेलेला बेडूक फेकायचा तर झाकून काहून ठेवायचा, आणि सरांपासून लपवायचा काहून? पण कवडूने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं ते मिटलंच.

मनोहर सरांनी मात्र सगळं मोकळेपणाने सांगितलं. कपाटाची चावी शनिवारी टेबलाच्या खणात राहून गेली, ही त्यांची चूक. रविवारी ते घरीच झोपलेले. बायको माहेरी, त्यामुळे साक्षीला कोणी नाही. "माझा नियम कडक आहे. बेडूक ज्याचा त्याने घ्यायचा, ज्याने त्याने मारायचा, ज्याने त्याने कापायचा. मी फळ्यावर आकृती काढतो, समजावतो, आणि माझ्या खोलीत जाऊन बसतो. तास संपताना फेरी मारून गुण देतो. पोरांच्या डोक्यावर उभं राहिलं की त्यांचे हात कापतात."

होस्टेलची खोली म्हणजे खाट, कंदील आणि भिंतभर अभ्यासाची वेळापत्रकं. फळीवर पुस्तकांशेजारी धुतल्या फडक्यात गुंडाळलेली एक चपटी पेटी होती. रुपरावांनी उघडली. कात्र्या, चिमटे, सुया, घासून लखलखीत केलेल्या. खिळ्याला पांढरा एप्रन, इस्त्रीचा. त्यांनी पेटी होती तशी गुंडाळून ठेवली. पोरगी टापटिपीची होती, एवढंच त्या वेळी मनात आलं.

संध्याकाळी ते धरमपेठेत काळमेघांच्या बंगल्यावर गेले. शामला बापाशेजारी सोफ्याच्या काठावर बसली होती. डोळे सुजलेले.

"गोपिका तुही मैत्रीण ना?"

"एकाच बाकावर बसायचो आम्ही."

"शनिवारी बोलणं झालं?"

"नाही. म्हणजे हो. परीक्षेचं," आणि ती बापाकडे पाहू लागली.

"पोरीला त्रास देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "ती मुलगी आमच्याकडे अभ्यासाला यायची, जेवायची. हुशार होती, नाही म्हणत नाही. पण मी तिला तोंडावर सांगायचो, बाई गं, डॉक्टर व्हायचं तर मन घट्ट लागतं, तुझ्याच्यानं नाही व्हायचं."

"काहून? पैकीच्या पैकी घेत होती ना?"

"मार्क वेगळे आणि काळीज वेगळं," डॉक्टर उठून उभे राहिले. "झालं का तुमचं?"

फाटकापर्यंत पोचले तर मागून पावलं वाजली. शामला पळत आली होती. "काका," तिला धाप लागली होती, "तिने काही चोरलं नाही. चोरी तिची झाली," आणि आतून बापाची हाक येताच ती तशीच मागे पळाली.

४

चोरी तिची झाली! कसली? रुपरावांना रात्रभर डोळा लागला नाही, आणि सकाळी पाहतात तर जिजाबाई चौकीच्या पायरीवर बसलेली. पाटी पुसली का, हे विचारायला आली होती.

त्यांनी तिला आत बसवलं, चहा मागवला. कपात एक मुंगी तरंगत होती. जिजाबाईने चहा बाजूला ठेवला, बोटाने मुंगी उचलली, पदराच्या टोकावर घेतली आणि ती चालू लागेस्तोवर एकटक पाहत बसली. मग उठून तिला बाहेर मातीत सोडून आली. पोरगी जाऊन दोन दिवस झालेली बाई!

"आमी महानुभाव पंथाचे, साहेब," ती ओशाळून म्हणाली. "आमच्यात जीव नाही मारत. पाणी गाळून पेतो. गोपी तं लहानपनापासून लय कडक. बागेत कोळशी पडली, काळ्या माशीनं झाडं काळी झाली, तवा मी फवारा आणला, तं तिनं मारू नाही देल्ला. म्हने, माय, ह्या माशीले खानारे दुसरे किडे हायेत, मी पाह्यते थांब. दोन बहार झाडाखाली बसून राह्यली. कोणता किडा कोणाले खाते, सारं चितारून काढलं. शाळेनं थे स्पर्धेले धाडलं म्हने. नंबर आला का नाही, कोणी सांगतलंच नाही."

रुपरावांच्या डोळ्यांसमोर प्राचार्यांच्या खोलीतला फळा आला. संत्र्यावरील कोळशी. कु. शामला. डॉक्टरांच्या पोरीने आयुष्यात संत्र्याचं झाड पाहिलं ते बंगल्याच्या कुंडीत!

चोरी कसली ते कळलं. पण त्यांना दुसऱ्याच गोष्टीने घेरलं होतं. ते हळूच म्हणाले, "मायबाई, जीव मारत नव्हती म्हणता. मग बेडूक कसे कापे?"

"मेलेलाच घे ना जी. पिंपात आपोआप मेला का कवडूभाऊ तिच्यासाटी झाकून ठेवे. सरांचा नियम दुसरा हाय म्हने, म्हून पोरी सांगत नव्हत्या कोणी. जित्याले तिनं कधी हात नाही लावला."

रुपराव खुर्चीवरून उठले ते टोपी न घेताच. तासाभरात ते लॅबमध्ये कवडूसमोर उभे होते. "तो भांड्यातला बेडूक गोपिकेसाठी होता का?" कवडू मटकन खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडू लागला. शनिवारी मेलेला, तिच्यासाठीच झाकलेला. तिला सांगूनही ठेवलं होतं.

मग त्या ट्रेमधला, काळीज धडधडणारा बेडूक मारला कोणी?

५

त्याच दुपारी रुपरावांनी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. मनोहर सर, प्राचार्य, डॉक्टर आणि शामला, कवडू. जिजाबाई दाराजवळ स्टुलावर बसली. मोरी धुऊन काढली होती, तरी कोणी तिकडे पाहत नव्हतं.

"मी अडाणी माणूस," रुपरावांनी सुरुवात केली. "मला बेडकातलं काही कळत नाही. सर, तुम्ही दोन वर्षं शिकवलं तिला. गोपिका बेडूक कशी मारायची, एकदा सांगता का?"

सर जरा चकित झाले, पण शिकवायला कोणी सांगितलं की त्यांना राहवायचं नाही. "फार सफाईने. पिंपातून स्वतः निवडायची, बरणीत टाकायची, कापसावर क्लोरोफॉर्मचे मोजके थेंब. इतर मुली किंचाळायच्या, हिचा हात कधी हलला नाही. माझ्या नियमाप्रमाणे सगळं स्वतः."

कवडू जमिनीकडे पाहू लागला. शामला सरांकडे पाहत राहिली, तोंड अर्धवट उघडं. डॉक्टरांनी सिगारेट काढली होती, ती तशीच हातात राहिली.

"असं काय बघता?" सर म्हणाले.

"शामला, सांग पोरी."

"सर," शामलाचा आवाज जेमतेम निघाला, "गोपीने कधीच बेडूक मारला नाही. एकही नाही. ती मेलेला घ्यायची. आमच्या सगळ्या बॅचला माहीत होतं."

"डॉक्टरसाहेब, तुम्हांला?"

डॉक्टरांनी नाइलाजाने मान हलवली. "शामलाने सांगितलं होतं. त्यावरूनच मी तिला बोलायचो."

"म्हणजे इथे ज्याला ज्याला ती पोरगी ठाऊक होती, त्याला हेही ठाऊक होतं," रुपराव म्हणाले. "कवडूले ठाऊक, शामलाले ठाऊक, डॉक्टरांले ठाऊक. यातल्या कोणाला ‘पोरगी एकटी सराव करत होती’ असा देखावा करायचा असता, तर त्याने तिच्यासाठी झाकून ठेवलेला मेलेला बेडूक ट्रेमध्ये घातला असता. जिवंत बेडूक मारून तिच्या नावावर मांडणारा माणूस एकच. ज्याने तिला मारताना कधी पाहिलं नाही, नुसती झालेली कापणी पाहून गुण दिले."

"काही तरीच!" सर ओरडले. "परीक्षा तोंडावर आली होती. बाहेरचा परीक्षक समोर उभा राहणार, तो काय मेलेला बेडूक चालवून घेणार होता? म्हणून तिने मन घट्ट करून पहिल्यांदा..."

"हे मीही मनात आणून पाहिलं, सर. पण मग तिने स्वतःची पेटी काहून नाही आणली? तिच्या कात्र्या-चिमटे होस्टेलच्या फळीवर फडक्यात बांधलेले आहेत. एप्रन खिळ्याला आहे. इथली हत्यारं तुमच्या कपाटातली. ती बेडूक कापायला आलीच नव्हती. नुसती साडी नेसून, रिकाम्या हाताने तुमच्याशी बोलायला आली होती." ते जवळ गेले. "शनिवारी तार आली. तिचा दोन बहारांचा अभ्यास दुसरीच्या नावावर पहिला आला. स्पर्धेला तो धाडला कोणी, सर?"

सरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी नजर फिरवली. मला वाटतं, त्या क्षणी मनोहर सर आतून मोडले, रुपरावांच्या प्रश्नांनी नाही.

ते बाकावर बसले. "डॉक्टरसाहेब उपप्राचार्याची जागा देतो म्हणाले होते," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली मला याच लॅबमध्ये. मला वाटलं, गोपिकेला काय कमी आहे? तिला गुण मिळणारच होते. त्या प्रमाणपत्राची गरज या शामलाला होती. रविवारी मी परीक्षेची तयारी लावायला आलो, तर ती शाळेच्या दाराशी माझी वाट बघत उभी होती. कवडूच्या खिळ्यावरची चावी घेऊन मी तिला आत घेतलं, खूप समजावलं. प्रात्यक्षिकाला पैकीच्या पैकी मिळतील ते मी पाहतो म्हणालो. ती म्हणाली, सर, मला नाहीत पाहिजे, माझं मला द्या, नाही तर उद्या मी स्पर्धावाल्यांना तार करते. निघाली. मी दंड धरला. तिने झटकला. मी ढकललं. एवढंच. एवढंच झालं हो."

"मग बेडूक?"

"ती हलेना. काय करावं सुचेना. हात आपोआप पिंपाकडे गेला."

एका पोरीचं प्रेत पायाशी पडलेलं आणि हा माणूस वर उभा राहून बेडकाच्या नसा मोकळ्या करत होता! आणि त्याही वाकड्यातिकड्या नाहीत. वाईट कापणी त्याला जमतच नव्हती.

जिजाबाई उठून त्यांच्यासमोर आली. रुपरावांना वाटलं, आता ही बाई याच्या तोंडात मारेल. मारलं असतं तर त्यांनी अडवलंही नसतं.

"दोन वर्सं तुमच्या हाताखाली होती ना, सर?" ती म्हणाली. "तिनं मुंगी नाही मारली कधी. एवढंबी तुमाले कसं नाही ठाव?"

"मी तिला पैकीच्या पैकी दिले होते," सर म्हणाले.

६

सरांना नेलं. डॉक्टर काळमेघ मात्र दुसऱ्या दिवशी आपल्या नर्सिंग होममध्ये रोगी तपासत होते. पोरीच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर आपल्या लेकीचं नाव घालणं याला कोणतं कलम लावायचं? रुपरावांनी वरिष्ठांना विचारून पाहिलं. साहेब हसले आणि म्हणाले, निंभोरकर, सोडून द्या.

एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. प्राचार्यांना त्यांनी साफ सांगितलं, नोटीस नुसती फाडून चालणार नाही, प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर तोंडाने बोला. प्राचार्य खूप वळवळले. परीक्षा आहे, मुलांच्या मनावर परिणाम होईल, मंडळ काय म्हणेल. रुपराव म्हणाले, "तुम्ही नाही बोललात तर मी बोलतो, आणि मी बोलायला लागलो की कुठे थांबेन ते माझं मला ठाऊक नाही."

शनिवारी सकाळी पटांगणात पोरं रांगेत उभी राहिली. जिजाबाई पायरीच्या एका कडेला, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. प्राचार्यांनी चिठ्ठीवरून वाचलं की कुमारी गोपिका ढोक हिने कोणतीही चोरी केली नव्हती, आधीची सूचना चुकीची होती, शाळेला खेद आहे. चिठ्ठी घडी करून ते वळले.

रांगेतून शामला पुढे आली. कोणी बोलावलं नव्हतं. ती पायऱ्या चढली आणि माईकसमोर उभी राहिली. "कोळशीचा प्रोजेक्ट माझा नाही," ती म्हणाली. "सगळा गोपीचा आहे. मी त्यात एक ओळ लिहिली नाही. मी स्पर्धावाल्यांना तसं कळवलंय."

मेडिकलची जागा त्या पोरीने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने सोडली, हे तिथल्या बारक्या पोरांनाही कळलं. बापाने घरात काय केलं असेल ते केलं असेल. निदान एक तरी माणूस निघालं, रुपरावांना वाटलं.

शामला पायऱ्या उतरून सरळ जिजाबाईच्या पायावर पडली. "काकू, माफ करा मला. माफ करा."

जिजाबाईने वाकून तिला उठवलं. डोक्यावर हात ठेवला, केसांवरून फिरवला. "रडू नको वं माय," ती म्हणाली. मग हात तिथेच थांबला. "मले एक सांग. हे तुह्या नावानं गेलं, थे तुले कवापासून ठाव होतं?"

"दिवाळीपासून," शामला म्हणाली.

"अन् गोपीले?"

"शनिवारी. मीच सांगितलं. तार आली तेव्हा." शामलाला हुंदके आवरेनात. "तिने विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं का? मी हो म्हणाले. मग ती उठून निघून गेली, काकू. होस्टेलला रात्री जेवली पण नाही म्हणे. सकाळी मी होस्टेलवर गेले तर सरांकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, मी पण येते, तर म्हणाली, नको, आता तू नको."

जिजाबाईने तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. पदर सारखा केला, रुपरावांना दंडवत घातला आणि फाटकाकडे चालू लागली. काटोलची एस.टी. अकराला होती. रुपराव तिला गाडीत बसवून द्यायला मागोमाग निघाले.